डाव्या बाजूची खिट्टी

अण्णा, परवा मोबाईलवर तुमची बंदूक पाहिली. रंगाच्या गोळ्या मारायच्या जुन्या बंदुका जमवणाऱ्या एका गृहस्थाने फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'अतिशय दुर्मीळ. मूळ परदेशी, फेरफार कुणी केले ते अज्ञात. चाप अडवायची खिट्टी डाव्या बाजूला, म्हणजे कुणा डावखुऱ्या गिऱ्हाइकासाठी कंपनीनेच खास बनवलेली असावी.' मी फोटो मोठा करून पाहिला. पितळी नळी, नळीखाली मागेपुढे ओढायची शिसवी मूठ, सोड्याच्या गॅसची कुपी बसवायचं टोपण. मी त्यांना कळवलं की हे काम भिंगारच्या एका टर्नरचं, माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी विचारलं, 'काही बिल, कागद, पुरावा?' मला आठवलं तेवढं सगळं लिहून पाठवलं. त्यावर त्यांनी फोटोखाली एक ओळ वाढवली, 'एका बाईंचा दावा आहे की...' दावा! चार दिवस झाले, तो शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुम्ही तेव्हा लष्कराच्या वर्कशॉपात लेथवर होतात, आणि रविवारी बाजारातल्या मित्राच्या लेथवर बाहेरची कामं करायचात. बेलापूरकडचा तो बागायतदार जीपमधून आला आणि कापडात गुंडाळलेली ती वस्तू त्याने आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली. त्याच्या मेहुण्याने ती अमेरिकेहून आणली होती. तिकडे म्हणे लांबून जनावरांवर, झाडांवर रंगाची खूण करायला वापरतात. तिच्या गॅसच्या कुप्या आपल्याकडे मिळत नव्हत्या, म्हणून ती वीस वर्षं जुनी वस्तू नुसती पडून होती; इथल्या सोड्याच्या कुपीवर चालवून द्या, म्हणाला. तो गेला आणि तुम्ही पेपर पसरून तिथेच ती उघडलीत. आई म्हणाली, "भाकरी थापायच्या जागी हे काय मांडलंय?" तुम्ही ऐकलंच नाही. मी बावीस वर्षांची, नगरला एका वकिलांकडे टायपिस्ट, पण तुम्ही मला बरोबरीच्या कारागिरासारखं जवळ बसवून सांगत होतात, "बघ, ह्याच्यात दारू न्हाई, काडतूस न्हाई. नुसता वारा हाय." चार रविवार गेले. पाचव्या रविवारी घराच्या मागच्या भिंतीवर पिवळा धप्पा उठला आणि तुम्ही असे हसलात, की शेजारच्या काकू बाहेर आल्या. खिट्टी तेवढी डावीकडे गेली होती. बागायतदार कुरकुरला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सवयीनं झालं. मी डावरा हाय."

वर्षभराने त्याच्या पुतण्याने पेट्रोल पंपावरच्या भांडणात तीच बंदूक एकाच्या छातीवर रोखली. पोलिसांनी ती जप्त केली आणि काका-पुतणे दोघेही एका सुरात म्हणाले, आमची नाही, भिंगारचा एक टर्नर कट्टे बनवतो, त्याची आहे. तुम्हाला ड्यूटीवरून उचललं. ठाण्यात आधी तुमचं आडनाव विचारलं, मग राहायला कुठल्या वस्तीत ते विचारलं, आणि त्यानंतर दुसरं काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही. हा बौद्धवाड्यातला माणूस, हाताशी लेथ, म्हणजे गुन्हा शाबीतच.

मी दुपारी डबा घेऊन ठाण्यात आले. तुम्ही बाकावर बसला आहात, अंगावर वर्कशॉपचा खाकी शर्ट, पायात चपला नाहीत. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस, आणि पोरवयाचा हवालदार तुम्हाला "ए म्हाताऱ्या" म्हणतो आहे. ठाण्याच्या साहेबांनी शहरातल्या एका परवानाधारक बंदूक-दुकानदाराला बोलावलं होतं. त्याने ती उलटीपालटी केली, नळीत बघितलं आणि म्हणाला, "असला माल मी कधी पाहिला नाही साहेब. कंपनीची वाटत नाही. गावठीच म्हणायची." झालं, तज्ज्ञाचं मत मिळालं.

थोड्या वेळाने तुम्ही बाकावरून उठलात. "साहेब, मी बनवली, मी सांगतो," म्हणालात. परवानगीची वाटही न पाहता बंदूक डाव्या हातात घेतलीत आणि टेबलावर एकेक भाग मोकळा करत गेलात. "ही बॉडी परदेशी. जनावरावर रंग मारायची. ही नळी माझी. ही मूठ माझी. हे टोपण माझं, सोड्याच्या कुपीसाठी. ही खिट्टी उजवीकडं हुती, मी इकडं घेतली. हे बघा जुनं भोक, बुजवलेलं." दुकानदार वाकून बघायला लागला. तुम्ही परत जोडलीत. तिच्याबरोबर जप्त झालेल्या डब्यातून एक कुपी आणि एक गोळी काढलीत आणि ठाण्याच्या मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर मारलीत. पिवळा डाग ओघळला. सगळे हसले, साहेबसुद्धा.

"मग सकाळपासून का नाही बोललास?"

"इचारलं न्हाई साहेब. कट्टे किती इकले, एवढंच इचारलं."

संध्याकाळी सोडलं. कुणी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र 'कट्टे बनवणारा कामगार ताब्यात' असं छापून आलं, आणि सुटल्याची ओळ कधीच आली नाही. वर्कशॉपात आठ महिने चौकशी चालली. निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला हार घालायला तिघंच आले. आणि ज्याने तुमच्यावर ढकललं, तो बागायतदार एक दिवस पुन्हा उंबऱ्यावर आला, "मिस्त्री, गैरसमज झाला" म्हणाला, आणि पोलिसांकडून सोडवून आणलेली बंदूक पुढे केली, गॅस गळतोय म्हणून. तुम्ही ती घेतलीत. वायसर बदलून दिलात. त्याला चहा दिलात! मी कपबशी आपटली तेव्हा मलाच रागावलात, "काम चांगलं हाय, ते गळकं ठेवू व्हय?" त्या एका वाक्यासाठी मी तुमच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. मला वाटलं, हा माणूस कणा विकून बसला आहे. तुम्ही जाईपर्यंत माझ्या मनातून ते गेलं नव्हतं.

हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. ते सांगायला मी बसलेच नव्हते, आणि लिहून झाल्यावर हे कागद मी घरातही कुणाला दाखवणार नाही. दुकानदाराचं मत झाल्यावर आणि तुम्ही उठण्याआधी साहेबांनी बंदूक माझ्यापुढे धरली होती. "तू शिकलेली दिसतेस. खरं सांग, हे तुझ्या बापाचं काम आहे? ओळखतेस?" चार रविवार मी त्या पेपरवर तुमच्या शेजारी बसले होते. मी म्हणाले, "नाही. आमच्या घरात असलं काही मी कधी पाहिलं नाही."

तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत, आणि मग उठलात. घरी येताना रिक्षात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, नंतरही कधी नाही. तुम्हाला वाचवायला मी खोटं बोलले, असं मी आईला सांगितलं, पुढे नवऱ्याला सांगितलं. तसं नव्हतं, अण्णा. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं, की उद्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात कळेल.