चोवीस तासांची लघवी

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक,
कारागृह विभाग, मुख्य कार्यालय.
(मार्फत: तक्रार अधिकारी, पेकन स्लू कारागृह. पाकीट मध्येच फोडून वाचले तरी हरकत नाही, पुढे मात्र पाठवावे.)

विषय: कैदी क्र. ४१७७०६ एमेट ब्रुसार याची चोवीस तासांची लघवी तपासणी करणेबाबत, व ती होईपर्यंत त्यास डी बराकीत परत न पाठविणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे दि. २१ ऑगस्ट, ३० ऑगस्ट व ७ सप्टेंबरचे अर्ज, व त्यांवर आलेली तीन उत्तरे.

महोदय,

आपण एक माणूस मारायला घेतला आहे आणि तो अर्धा मारून झाला आहे. उरलेला अर्धा सोमवारी सकाळी मारला जाईल. हात आपला नसेल, आपण फक्त दार उघडून द्याल. हे 'आपण' म्हणजे नेमके कोण, हे अर्जदारास ठाऊक नाही, कारण तिन्ही उत्तरांखाली सहीच्या जागी नुसता शिक्का आहे. ज्याचा शिक्का असेल त्याने स्वतःस उद्देशून समजावे.

१. एमेट ब्रुसार, वय सेहेचाळीस, फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे आला तेव्हा आपल्याच काट्यावर १६३ पौंड भरला. यंदाच्या मे महिन्यात तोच माणूस त्याच काट्यावर २४७ पौंड भरला. त्याने गुन्हा केलेला आहे. अर्जदारानेही केलेला आहे. इथे कुणाला चर्चमधून उचलून आणलेले नाही आणि दयेसाठी हा अर्ज नाही.

२. वजन कसे वाढले ते पाहावे. पोट सुटले, मानेमागे मुठीएवढा गोळा आला, तोंड ताटासारखे गोल व लाल झाले. हातपाय मात्र काटक्या झाले. चार काड्यांवर बटाटा ठेवावा तसा माणूस दिसू लागला. बहीण अर्लीन एप्रिलमध्ये भेटीला आली. काचेपलीकडे तो येऊन बसला तरी ती दाराकडेच पाहत राहिली आणि शेवटी पहारेकऱ्याला म्हणाली, "माझ्या भावाला आणताय ना? तासभर झाला." एमेट काचेला हात लावून म्हणाला, "आर्ली, मीच आहे गं." त्यानंतर त्याने भेटीच्या यादीतून तिचे नाव स्वतःच काढून घेतले.

३. परिचारिका श्रीमती ओडम यांनी जानेवारीत नोंद केली: "अतिखाणे." फेब्रुवारीपासून त्याचे ताट निम्मे केले. अर्धा डाव घेवडा, अर्धा डाव मक्याची लापशी, पावाचा एक तुकडा. चार महिन्यांत माणूस सोळा पौंड वाढला. अर्धे ताट देऊन वजन वाढते तर शाळेतले पोरही म्हणेल की वजन ताटातून येत नसावे. आपल्या कार्यालयाने विचारले की अन्न चोरतो कुठून. कोठडीची चार वेळा झडती घेतली, गादी फाडली, काही सापडले नाही. "सापडले नाही" याचा अर्थ "हुशारीने लपवले" असा लावून त्याचे स्वयंपाकघरातले काम काढून घेतले व त्यास रताळ्याच्या शेतावर कुदळीच्या टोळीत धाडले. तिथे तो एकदा उकिडवा बसला की उठू शकत नसे. मांड्यांत जीवच उरला नव्हता. घोड्यावरचा पहारेकरी म्हणे, "ऊठ रे डुकरा, का क्रेन मागवू?" सगळी टोळी हसे. सरी धरून तो हातांवर उठे. दोन वेळा कामचुकारपणाचा अहवाल गेला.

४. आता बराकीतला कायदा सांगतो, कारण तो आपल्या पुस्तकात नाही. इथे सगळ्यांचे ताट एकच. ज्याच्या ताटात तेच आणि अंगावर जास्त, तो कुणाचे तरी खातो. एक तर दुसऱ्याचे लुबाडून खातो, नाहीतर साहेबाच्या कानाला लागून खातो. एमेट लुबाडणारा नव्हता, हे सगळे जाणत होते. मग दुसरेच उरले. त्यात जुलैमध्ये झडती झाली, तीन फोन पकडले गेले, आणि सांगितले कुणी हा प्रश्न निघाला. उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फुगत होते. येता-जाता टोमणे सुरू झाले. "काय जावईबापू, सासर मानवलं म्हणायचं." "सरकारचा जावई तो, त्याला काय कमी." एमेटला वाटले, पोटावरून चिडवतात. तो आपला हसून म्हणे, "मिळतंय कुठं रे, अर्धंच येतं." ते ऐकून लोकांचे पित्त अधिकच खवळे. अर्धे खाऊन फुगणारा म्हणजे पक्का.

५. यापुढचे अर्जात लिहिणे आवश्यक नव्हते. अर्जदार एमेटच्याच कोठडीत, वरच्या खाटेवर झोपत असे. तो दिवसभर काय खातो हे अर्जदाराइतके कुणालाच ठाऊक नव्हते. आणि तरीही अर्जदाराने तेच मानले जे सगळ्यांनी मानले. दि. २४ जुलै रोजी दुपारी जेवणानंतर तिघे दारात आले. एकाने अर्जदाराला नुसते म्हटले, "वॉर्डेल, जरा पाय मोकळे करून ये." अर्जदाराने पाय मोकळे केले. तो बराकीच्या टोकापर्यंत गेला, भिंतीवरची जुनी सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि परत वाचली.

त्यांच्याकडे मोज्यात घातलेले कुलूप होते. तिघांची नावे अर्जदार देणार नाही, कुणी विचारू नये. इतके लिहितो की कुलूप बसेल तिथे एमेटची कातडी ओल्या कागदासारखी फाटत गेली. मार देण्यात आयुष्य गेलेली ती माणसे, पण त्यांनाही असे फाटणे नवे होते. त्यांतला एक नंतर म्हणाला, "मी दोनदाच मारलं यार, तो उसवलाच." पाच बरगड्या मोडल्या. उजव्या हाताचे हाड दोन ठिकाणी गेले, तेही त्याने तोंडावर आडवा धरला तेवढ्यावर. अर्जदार परत आला तेव्हा एमेट खाटेखाली सरकलेला होता. तो म्हणाला, "वॉर्डेल, मी काही सांगितलं नाही रे कुणाला. तुला तरी ठाऊक आहे ना?"

अर्जदारास ठाऊक नव्हते, हे त्याने त्याला अद्याप सांगितलेले नाही.

६. इस्पितळ-खोलीत त्या पंधरवड्यासाठी बदलीवर आलेल्या डॉ. केसलर बाई होत्या. अडीच वर्षांत त्याचा सदरा वर करून पाहणारे हे पहिले माणूस. पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे होते. बाईंनी विचारले, "हे कधीपासूनचे?" एमेट म्हणाला, "वर्ष झालं असेल बाई. लठ्ठपणाचे असतील." बाई म्हणाल्या, "हे लठ्ठपणाचे नाहीत, हे आणि लठ्ठपणा दोन्ही एकाच बापाचे." त्यांनी सांगितले ते अर्जदाराने एमेटकडून ऐकून वाचनालयातल्या वैद्यकाच्या पुस्तकात ताडून पाहिले आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून एक रस पाझरतो. तो माणसाला लागतोच, पण तिथे किंवा मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ झाली की तो नको तितका सुटतो. मग खाल्ले काय, न खाल्ले काय, पोटावर चरबी चढते, स्नायू झडतात, कातडी विरते, हाडे पोकळ होतात. कुणाचे वजन गळ्याच्या ग्रंथीने चढते, कुणाचे आपणच रोज दोनदा वाटता त्या डोके शांत करायच्या गोळ्यांनी. आपल्या तक्त्यात मात्र कारणाचा रकाना एकच आहे, तोंड.

७. खात्री करण्यासाठी बाईंनी चोवीस तासांची सगळी लघवी एका डब्यात, बर्फात ठेवून जमा करण्याचा लेखी आदेश दिला. डबा यायला चार दिवस लागले. तोवर बाईंची मुदत संपून त्या गेल्या, आणि खाट हवी म्हणून एमेटला "त्याच्या सुरक्षिततेसाठी" एकांत कोठडीत हलवले. डबा, बर्फाची पेटी आणि आदेशाचा कागद घेऊन तो तिथे गेला. अर्जदार त्याच बोळात फरशी पुसतो, म्हणून पुढचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

दि. १६ ऑगस्ट. एकोणीस तास झाले होते. एमेट मोडका हात गळ्यात घेऊन डब्यापाशी राखणीला बसावा तसा बसला होता. सार्जंट मॅकएल्व्हीन यांनी दाराच्या फटीतून पाहिले.

"हे काय साठवतोस?"

"तपासणीचं आहे साहेब. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. हा कागद."

"बाई गेल्या. मी आहे. माझ्या तोंडावर फेकणार होतास ना?"

"साहेब, मला उभं राहवत नाही. मी काय फेकणार?"

डबा मोरीत ओतला. एमेट तो धरायला गेला म्हणून त्याला भिंतीशी दाबले व तोंडावर मिरचीचा फवारा मारला. सार्जंटना दोष देता येत नाही असे आपण म्हणाल, कारण या बोळात माणसे खरेच लघवी फेकतात. अर्जदाराने ती पुसलेली आहे. म्हणूनच नियम आहे की कैद्याने लघवी साठवणे म्हणजे शस्त्र बाळगणे. म्हणजे रोग शोधण्यासाठी जे करायचे तेच करण्याबद्दल एमेट ब्रुसार यास शस्त्र बाळगल्याची तीस दिवस एकांताची शिक्षा झाली. मांजराला दुधाची राखण सांगावी इतकेही डोके या नियमामागे लागलेले नाही.

८. पहिल्या अर्जास उत्तर आले: "कैद्याने आहारावर ताबा ठेवावा." दुसऱ्यास: "लघवी साठविणे नियमबाह्य असल्याने मागणी मान्य करता येत नाही." तिसऱ्यास: "अर्ज संबंधित कैद्याच्या हस्ताक्षरात नाही." संबंधित कैद्याचा उजवा हात मोडलेला आहे, आणि एकांत कोठडीत पेन हेही शस्त्र धरले जाते. त्याने लिहावे कशाने, हे त्या उत्तरात नव्हते.

९. रविवारी शिक्षा संपते. सोमवार, दि. १८ रोजी सकाळी सात वाजता त्याला डी बराकीत, त्याच कोठडीत परत पाठवण्याचा आदेश निघाला आहे. बराकीला तो कळला आहे. काल जेवणाच्या रांगेत अर्जदाराच्या कानाशी एकजण बोलला, "जावई सोमवारी येतोय. तू पुन्हा पाय मोकळे करशील ना?" अर्जदाराने आजाराचे सगळे सांगितले, पट्टे, ग्रंथी, हाडे. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "डॉक्टरचा कागद दाखव." डॉक्टरचा कागद तपासणीशिवाय होत नाही, तपासणी डब्याशिवाय होत नाही, आणि डबा म्हणजे शस्त्र. एमेट आता फटीतून हळू आवाजात विचारतो, "वॉर्डेल, वजन थोडं उतरलं तर ऐकतील का रे?" त्याने गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून ताट परत पाठवायला सुरुवात केली आहे. पोट तेवढेच आहे.

१०. मागणी एवढीच आहे. त्याला सोमवारपूर्वी इस्पितळ-खोलीत न्यावे. डबा आपल्या माणसांच्या हाती ठेवावा, हवे तर त्याला कुलूप घालावे, बंदुकीचा पहारा बसवावा. निकाल येईपर्यंत त्यास डी बराकीत पाठवू नये. हे न झाल्यास, सोमवारी अर्जदार त्या कोठडीतून बाहेर जाणार नाही. ही धमकी नव्हे, पंचनामा करणाऱ्यांना दोन माणसे का आहेत असा प्रश्न पडू नये म्हणून आधी कळवीत आहे. हे लिहिल्याबद्दल जी शिक्षा नियमात असेल ती लावावी, पण सोमवारनंतर.

नियमात बसेल तेवढाच नम्र,

वॉर्डेल पिटमन
कैदी क्र. ३९०२५८, डी बराक
दि. १५ सप्टेंबर २०२३

सोबत:
१. वजनाच्या नोंदींची नक्कल, फेब्रुवारी २०२१ ते मे २०२३.
२. डॉ. केसलर यांचा आदेश. तो लघवीत भिजल्याने वाळवून जोडला आहे, अक्षर वाचता येते.
३. शस्त्र बाळगल्याचा ठपका व शिक्षेचा कागद.
४. एक कोरा कागद. यावर 'तपासणी होईल' किंवा 'होणार नाही' यांपैकी एक, शिक्क्याऐवजी हाताने सही करून, रविवार संध्याकाळपर्यंत लिहून पाठवावे.