शंभर मोजेपर्यंत

सोमवार, ३

पोचलो एकदाचे! खोली मिळाली, तीही चक्क खिडकीवाली. मुंगीने आल्या आल्या पलंगावर उड्या मारून घेतल्या. मुंगी म्हणजे माझी लेक, वय वर्षं आठ. साखरेचा डबा कुठेही लपवा, हुडकतेच, म्हणून हे नाव. मालक म्हातारे आहेत. जन्मभर लोकांना दातांच्या कवळ्या बनवून दिल्या आणि आता स्वतःचीच बसत नाही म्हणून चिडतात. मुंगीने लगेच त्यांचं 'कवळीआजोबा' करून टाकलं. स्वयंपाक, झाडलोट आणि बैठकीतली माशांची पेटी, एवढंच काम. बारा वर्षं चपलांच्या कारखान्यात तळ चिकटवले, त्या मानाने हे सुखच. आता लेकीला घेऊन दारोदार फिरायला नको.

बुधवार, ५

पेटी लहानशी, तीन वीत लांब. पाणी खारं. झाकणाच्या कडेला पांढरं मीठ धरतं, ते रोज पुसायचं. आत दोन नारिंगी मासे, एक गोगलगाय आणि आजोबांनी कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकमधून घडवलेल्या तीन बाहुल्या: त्यांची बायको, त्यांची बहीण आणि माझ्याआधी इथे कामाला असलेली बाई. बोटभर उंचीच्या, पण नाकडोळे हुबेहूब. आतून पोकळ, त्यामुळे सारख्या वर यायला बघतात. आजोबांचे हात थरथरतात, म्हणून त्यांना तळाशी पक्कं बसवणं हेच माझं खरं काम निघालं. कारखान्याचं नाव ऐकताच त्यांनी मला का ठेवून घेतलं ते आज कळलं.

मुंगीलाही शिकवलं. बाहुलीच्या टाळूला बारीक भोक पाडायचं, आतली हवा निघून जाते. पाय पुसायचे, ओल्यातही धरणारा गोंद लावायचा, फरशीच्या तुकड्यावर दाबून धरायचं आणि शंभर मोजायचे. मग तुकडा वाळूत पुरायचा. कार्टी मधले आकडे खाते, मी पुन्हा एकपासून मोजायला लावते. मी चिकटवलेलं सुटत नाही, ही काही फुशारकी नाही.

शनिवार, ८

सकाळी आधीच्या बाईची बाहुली वर तरंगत होती. आणि न्हाणीघरापासून पुढच्या दारापर्यंत ओली पावलं. मोठ्या माणसाची, अनवाणी. माझी नाहीत, मुंगीची तर नाहीतच. आजोबांचा चेहरा उतरला. आधी बाहुली चिकटव, मग लादी पूस, म्हणाले. चिकटवली. पुसायला गेले तर पावलं वाळली होती, नुसतं मीठ उरलेलं.

ती बाई न सांगता निघून गेली म्हणतात. पण आमच्या पलंगाखाली तिच्या चपला आहेत. तळ शाबूत. चपला टाकून कोण जातं? मला हे अजिबात आवडलेलं नाही. पण खोली सोडून जाऊ कुठे?

मंगळवार, ११

आजोबांनी मुंगीची बाहुली केली. पुढचा पडलेला दातसुद्धा पडलेलाच. मुंगी नाचत सुटली, आत्ताच पाण्यात बसव म्हणून मागे लागली. मन खात होतं, पण तिच्या हट्टापुढे माझं काही चालत नाही. बसवली. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम.

बुधवार, १२

मुंगीला उठवत नाही. पाय जड झालेत म्हणते. खोकली तर तोंडातून पाणी आलं. मी चाखून पाहिलं. खारं.

दुपारी हाताला धरून दारापर्यंत आणलं. उंबऱ्याशी तळवे लादीला चिकटले. बाहेर ओढलं तर किंचाळली, आत वळवलं तेव्हाच सुटले. माझ्या हातांनी— मीच—

गुरुवार, १३

पेटीवर हातोडी घातली. काचेला चरा पडला. आतल्या खोलीत मुंगी ओरडली. तिच्या गालावर तसाच चरा.

आजोबांची कॉलर धरून विचारलं. शांतपणे म्हणाले, माणसं घर सोडून जातात, ते सोसत नाही. तळाची जागा रिकामी राहता कामा नये. एक काढायची तर तिथे दुसरी बसवायची. मग ड्रॉवर उघडून दाखवला.

माझी बाहुली. आम्ही आलो त्याच दिवशी केलेली.

शुक्रवार, १४

मुंगीच्या बाहुलीचे पाय सुरीने सोडवले. कणाकणाने. ती पलंगावर रडत होती. त्याच जागी मला लावलं. दाबलं. शंभर.

मुंगी चालते! तिची बाहुली तिच्याच खिशात घातली, मावशीचा पत्ता हातात दिला. बसथांब्यावरची फुलवाली गाडीत बसवून देईल. मागे वळून बघायचं नाही, अशी शपथ घातली. गेली. माझी पोर गेली, सुटली.

खुर्चीत आहे. पाय लादीला. घशाशी खारट—

फाटक वाजलं.

परत आली. आई एकटी पडेल म्हणते— स्टूल ओढलं पेटीपाशी— झाकण काढलं— खिशातून बाहुली—

ओरडतेय मी. तोंडातून नुसतं पाणी. वही भिजली—

बाहुलीचे पाय पुसतेय. फ्रॉकला. शिकवलं तसं.

माझ्या शेजारी दाबून धरलंय. मोजतेय. मोठ्याने. एकही आकडा खात नाही—

सत्तर— एकाहत्तर—

अक्षर दिसत ना— शहाण्णव— सत्त्याण्णव—

मुंगे हात का