एजन्सी आपल्यालाच

२ जून, सकाळ
आजपासून दुकानात मोठ्या कंपनीचा प्रोसेसर बंद. फक्त छोट्या कंपनीचा. कोअर जास्त म्हणजे वेग जास्त, वर किंमत कमी. अख्ख्या मानवत गावात हे कळणारा माणूस एकच, तो मी. समोरच्या दुकानातला दत्तराव मोठ्या कंपनीचं स्टिकर दाखवून कॉम्प्युटर खपवतो. किळस येते असल्या धंद्याची. छोटी कंपनी दिवाळीआधी तालुक्याला एक एजन्सी देणार आहे. ती आपल्यालाच.

७ जून
गिऱ्हाईक नाही. लोकांना शिकवावंच लागणार. रोज मोफत डेमो, वर चहा.

११ जून
गर्दी! आडत दुकानवाले बालाजीराव दोन कप प्यायले. जाताना म्हणाले, "समदं पटलं, पण टीव्हीवर त्या दुसऱ्याचंच नाव येतंय." टीव्ही बघून कापूस घेतात का हे? डोकं उठलं. डेमो कायमचा बंद.

१२ जून
डेमो चालू.

१८ जुलै
बालाजीराव दत्तरावकडून खोकं घेऊन निघाले. आडवा जाऊन पाहिलं. आत आपल्याच छोट्या कंपनीचा प्रोसेसर! दत्तराव आता दोन्ही ठेवतो म्हणे. सविताला सांगितलं, दत्तराव शरण आला. ती म्हणाली, "आन् गिऱ्हाईक कुणाकडं गेलं?" बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही.

९ ऑगस्ट
डेमो आमचा, चहा आमचा, बिल समोर. बालाजीरावांना तोंडावर विचारलं. म्हणाले, "तिथं दोन्ही शेजारी ठेवून बगता येतात. तुमी एकच दाखवायलाव." थू असल्या गिऱ्हाइकावर.

२० सप्टेंबर
छोट्या कंपनीचा साहेब, मुकुल देशपांडे, संभाजीनगरहून आला. त्याच्याच प्रोसेसरवर त्याला दीड तास समजावलं. म्हणाला, अशी निष्ठा कुठं पाहिली नाही. झालंच काम! बोर्ड कुठं लावायचा ते पेन्सिलनं आखून ठेवलं.

४ ऑक्टोबर
बोर्ड लागला. दत्तरावच्या दुकानावर. मुकुलला फोन केला. म्हणाला, छोट्या कंपनीला जगायचं तर जिथं खप तिथं जावं लागतं. शिसारी आली. सणसणीत शिव्या दिल्या. फोन ठेवल्यावर.

५ ऑक्टोबर
दत्तराव दुकानामागच्या आमच्या घरी आला, हात जोडून. म्हणाला, "बन्सीधरभाऊ, तुमच्यावानी समजावून सांगणारा आमच्याकडं कोनी न्हाई. काउंटरला बसा, पगार देतो." निर्लज्जपणाची हद्द! पाठ फिरवून आत निघून गेलो. स्वाभिमान नावाची चीज असते.

मागून सवितानं विचारलं, दुपारचा डबा करू का.

नको म्हणालो. समोरच तर आहे, जेवायला घरीच येईन.