पहिल्या ओळीतला श्री

प्रिय अखिलभैया,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसशील तर बघ. फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलतोस. आज मला अख्खं भांडण एकटीला करायचंय.

तुझ्या त्या फाइलीने माझा जीव खाल्ला! स्कूटरवरून पडल्यापासून उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, हे तुला माहीत आहे. रिपोर्ट काढायला कॉम्प्युटरला द्यायची आमच्या ऑफिसची कमांड आणि तिच्यामागचे ते लांबलचक पर्याय एका हाताने टाइप करायचे म्हणजे शिक्षाच. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. धरणगावच्या जिनिंगवाल्यांचा रिपोर्ट सकाळी मागितला तर संध्याकाळी जातो. सारिका मॅडम ओरडत नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघतात. महिनाअखेरपर्यंत वेग आला नाही तर माझ्या जागी दुसरं कुणी येणार, हे त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलंय.

तूच म्हणालास की दोन अक्षरं लिहून टॅब दाबलं की पुढचं आपोआप येईल असं करून देतो. फाइल मेलवर आली, मी सांगितल्या जागी ठेवली, टॅब दाबलं. काही नाही! तुला विचारलं तर म्हणे, मी तपासलंय, माझ्याकडे चालतं. तुझ्याकडे चालतं ना, मग ये इथे आणि माझी नोकरी तूच कर. मी इतकी वैतागले की कीबोर्डवर थापा मारत होते. घरमालकीण इंदिराबाई दारात येऊन विचारायला लागल्या, कोणले शिव्या दी ऱ्हायनी वं पोरी? मी म्हटलं, सख्ख्या भावाला.

आता खरं सांगते. मला वाटलं तू मुद्दाम केलंस. पप्पांनी जळगावची माझी खोली रंगवून घेतली, दुकानात गल्ल्याशेजारी मला बसायला गादी घातली, आणि दिवाळीत तूही त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणालास, कशाला तिथे हाल काढतेस, घरी ये. ज्याला मी परत यायला हवी, तो मला इथे टिकवणारी वस्तू नीट कशाला बनवेल? हे मनात आल्यावर भूकच गेली. तुझ्यावर असा संशय घ्यावा लागतो, याचाच जास्त राग आला.

काल शेवटी रागाने ती फाइल उघडली. आपण टाइप केलेल्या कमांडा घेणारं ते शेल सुरू होताना अशा फाइलींची फक्त पहिली ओळ बघतं. तिथे कॉम्पडेफ हा खुणेचा शब्द आणि कमांडचं नाव दिसलं तर फाइल आपली मानतं. नाही दिसलं तर सोडून देतं, चूक झाली असंही सांगत नाही. आणि तुझ्या फाइलीत पहिल्या ओळीवर काय? श्री! कॉम्पडेफ बिचारं त्याच्याखाली. अरे शहाण्या, तपासून झाल्यावर पाठवताना वर श्री घातलास ना? दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पार्सलवर पप्पा घालतात तसा! त्या यंत्राला काय कळणार आपल्या घरची रीत?

आधी हसले, मग रडले, मग पुन्हा तुझ्यावर चिडले. जे फसावं असं वाटतं, त्यावर आपल्या घरात कुणी श्री लिहीत नाही. कॉम्पडेफ वर घेतलं, श्री दुसऱ्या ओळीवर आणला, शेलने जपून ठेवलेली जुनी यादी पुसली आणि ते नव्याने सुरू केलं. दोन अक्षरं, टॅब, आणि अख्खी कमांड समोर! आज धरणगावचा रिपोर्ट जेवणाच्या सुट्टीआधी गेला. सारिका मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या महिन्याचं काम टेबलावर ठेवलं.

म्हणून हे पत्र. रविवारी माझं सामान न्यायला टेम्पो आणणार आहेस ना, तो आणू नकोस. पप्पांना तूच सांग, माझं ते ऐकत नाहीत. खोलीचा रंग छान झालाय म्हणावं, येत्या दिवाळीत येऊन राहीन. तू मात्र रविवारी बसने एकटा ये. मी एका हाताने केलेली शेवभाजी खायला घालीन, आणि समोर बसवून टॅब दाबून दाखवीन. श्री मी पुसलेला नाही भैया, दुसऱ्या ओळीवर आहे.

तुझीच, अजून थोडी चिडलेली,
जिनल