मॅडमची निळी गाडी

रविवार, १० मार्च

सगळ्यात आधी आला तो गॅरेजवाला. बेल नाही, हाक नाही, थेट आमच्या शेडमध्ये शिरला आणि मान वर करून छत बघत उभा राहिला. मी म्हटलं, अहो, कोण तुम्ही? तर म्हणे, "छत गळतं का?" मी म्हटलं, आधी तुम्ही कुठले ते सांगा, मग छताचं बघू. म्हणे, "मॅडम येतायत मागून. गाडी कुठे राहणार ती जागा बघितल्याशिवाय त्या देत नाहीत."

ही आमच्या ठिणगीची भानगड. ठिणगी म्हणजे माझी नात. दवाखान्यात एक्स-रे काढते. शाळेत होती तेव्हापासून तिला ती पळणारी, जमिनीला टेकलेली गाडी हवी आहे. नवी कुठली परवडायला! म्हणून जुनी. तर ही एक सापडली, पण मालकीण विचित्र. गाडी विकायची म्हणते आणि आलेल्याला परत पाठवते. एकाच्या शेडमध्ये कुत्रं होतं म्हणून नाही. एकाने आल्या आल्या हॉर्न वाजवून बघितला म्हणून नाही. लेक द्यायची असल्यासारखं चाललंय.

मला वाटलं, मॅडम म्हणजे असेल कोणी चाळिशीची. गाडी आली – निळी, दौतीतल्या शाईसारखी – आणि आतून उतरली कोण, तर माझ्याच वयाची बाई! पांढरे केस, कानापर्यंत कापलेले. एवढ्या खालच्या गाडीतून कशालाही हात न लावता उभी राहिली. मी पाटावरून सोडा, खुर्चीवरून उठताना आई गं म्हणते.

आणि मला म्हणते काय, "नमस्कार आजी."

आजी! पुढे बोलता बोलता निघालं की ती माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी आहे. पण मी आजी आणि ठिणगी तिला म्हणणार "या ना मॅडम, बसा ना मॅडम." दातांची डॉक्टर होती म्हणे. असेल.

मग दोघी चक्कर मारायला गेल्या. गाडीला सीटच दोन. मी राहिले पायरीवर, गॅरेजवाल्याबरोबर. तो दोन कप चहा प्याला. म्हणाला, "आत बघितलंत? मॅडमची सीट घासून गेलीय, आणि शेजारची कोरी. साहेब घाबरायचे, फारसे बसायचेच नाहीत. आता तर साहेबही नाहीत."

बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा ठिणगीचे गाल लाल. माझ्याबरोबर देवळात जाऊन आली की कधी होत नाहीत असे.

सोमवार, ११ मार्च

सकाळपासून मॅडम, मॅडम. चहात साखर दोनदा पडली माझ्याकडून.

बुधवार, १३ मार्च

बुधवारी आम्ही आजी-नात पत्ते खेळतो. ती लहान असल्यापासून. आज पत्ते काढून बसले, आली नाही. मॅडमकडे गेली होती, गाडी तपासायला.

आल्यावर सांगते, "आजी, मॅडम म्हणाल्या, विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवलं असेल तर ती गाडी घ्यायची नाही. गार इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावायचं. म्हणून मी आधी हात लावून बघितलं." गाडीच्या पाठीवर हात ठेवला म्हणे, कारण या गाडीचं इंजिन मागे असतं. पुढचं झाकण उघडलं की आत नुसती पिशव्या ठेवायला जागा. उलटंच सगळं. आणि हात कसा ठेवला ते दाखवलं – पोराला ताप आहे का बघतात ना, तसा. मला ताप आला होता तेव्हा मेली थर्मामीटर टेकवून निघून गेली होती.

"मॅडम एकट्या डोंगरापलीकडे जाऊन आल्यात, आजी. रात्रीच्या."

मी म्हटलं, मीही गेलेय डोंगरापलीकडे. तुझ्या आजोबांच्या सायकलवर, कॅरिअरवर बसून.

"ते वेगळं गं."

वेगळं ते काय? हँडल त्यांच्या हातात होतं, एवढंच.

सूनबाई भाजी चिरत ऐकत होती. म्हणाली, "आई, कुठे काही जळतंय का हो?" मी उठून गॅस बघून आले. बंद होता. परत येते तर ही तोंडाला पदर लावून हसतेय. चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं मला. उशिरा कळतं.

शनिवार, १६ मार्च

मॅडम उद्या शेवटचं काय ते सांगणार. ठिणगीने शेड झाडली, भिंतीला चुना लावला, कोपऱ्यातली माझी मोडकी शिलाई मशीन न विचारता जिन्याखाली नेऊन ठेवली. पोरगी काल रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मी ठरवलंय. गाडीत काहीतरी खोट काढायचीच. गाडी आली की मॅडमही येत राहणार. विचारपूस करायला, सल्ले द्यायला. नकोच ते.

रविवार, १७ मार्च

आधी लिहून ठेवते, नाहीतर झोप यायची नाही.

ठिणगीला दवाखान्यातून अचानक बोलावणं आलं. ती गेली आणि मॅडम आली, मागोमाग तो गॅरेजवाला. म्हटलं, बसा, येईल ती. म्हणाली, "बसायचंच तर गाडीत बसू. येताय का आजी?"

मी म्हटलं, येते की. खोट काढायची होती ना.

गॅरेजवाल्याने शिकवलं, "आधी बूड टेका, मग पाय आत घ्या." टेकवलं. विहिरीत पडल्यासारखी खाली गेले. निघालो. पोट माझं फाटकापाशीच राहिलं. गोदामांच्या मागचा तो सरळ रिकामा रस्ता आला, तेव्हा तिला टोचावं म्हणून म्हटलं, "याहून जोरात जात नाही वाटतं?"

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. गिअर टाकला.

काय सांगू. मागून ते इंजिन असं ओरडलं, आणि मी त्याहून मोठ्याने. पण भीतीने नाही. हसूच आवरेना. हसता हसता कवळी सुटली, ती काढून हातात धरली. तर ती बया गाडी चालवता चालवता म्हणते, "कोणी बसवली हो ही? सैल आहे." मग ती पण हसायला लागली. दोघी म्हाताऱ्या, एक दातवाली, एक बोळकी.

पुढे गाडी थांबवली. म्हणाली, "या सीटवर बसून कोणी हसलेलं नाही आजवर. आमचे हे डोळे मिटून बसायचे. मुलगा म्हणतो, वय बघ, वीक ती गाडी."

मी म्हटलं, माझा लेकही तेच म्हणतो. मी स्टुलावर चढले की.

मग तिने माझं नाव विचारलं. आजी नाही, नाव. मलाच क्षणभर सांगता येईना. सांगितलं तर तिने ते म्हणून बघितलं, नवा शब्द शिकल्यासारखं.

घरी आलो तर ठिणगी पायरीवर, गॅरेजवाल्याशेजारी. "कुठे होता तुम्ही दोघी?" मॅडम तिला म्हणाली, "दोन दिवसांत कळवते." आणि गेली.

मी ठिणगीला खरं ते सांगितलं – गाडीत खोट नाही, घे. गळ्यात पडली माझ्या.

मंगळवार, १९ मार्च

फोन आला. ठिणगीला नाही, मला. नावाने.

"विकत नाही मी आता," म्हणाली. "मुलाला सांगून टाकलं, शेजारी बसायला माणूस मिळालंय."

फोन ठेवून मी शेडमध्ये गेले. चुन्याचा वास अजून येतोय. ठिणगी कामावरून येताना गाडीवर घालायचं कापड घेऊन आली. घडी उलगडून दाखवलं मला. छान आहे म्हटलं. फोनचं उद्यावर ढकललं.

बुधवार, २० मार्च

सकाळी ठिणगीला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "माझी गाडी होती ती, आजी." आणि दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. सूनबाई ताट घेऊन गेली तर आतून विचारते, "तिचा फोन आला होता का परत?"

आला होता. आज दुपारी. नको, पोरीचं मन मोडलंय, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि ती चक्कर मारायला चार वाजता येऊ का म्हणाली, तर म्हटलं, साडेतीनला या.

शुक्रवारी येते म्हणाली.