भाड्याचा नारळ

२० सप्टें., शनि.
दौंडला वकील मॅडमकडे. बातमी खरी निघाली. टेंपो बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसांत बोलून किमती ठरवल्या होत्या, कोर्टात सिद्ध झालं. तेव्हा ज्यांनी गाडी घेतली त्यांना भरपाई. म्हणजे मलाही. फॉर्म आणला.
गाडी घेताना शिरूरला विचारलं, दौंडला विचारलं, दोन्हीकडे अगदी तोच भाव. तेव्हा बायकोला म्हणालो होतो, "बघ, माणसं सरळ आहेत." वर शोरूमवाल्याला पेढे. गाढव मी.

२४ सप्टें., बुध.
इनामगाव. हौसामावशींची शेवंती भरली. टेंपोची पहिली खेप यांचीच होती. तावातावानं सगळं सांगितलं. क्रेट बांधत ऐकत होत्या.
"आन् तुमच्या टेंपो अड्ड्यावर दर दसऱ्याला नारळावर हात ठेवून भाडं ठरवता, ते रं काय?"
"ते वेगळं, मावशी. आमचं पोटापुरतं..."
"आसंल. गेल्या साली फुलं पडल्या भावानं गेली, तवा भाडं कमी करा म्हनत अड्डाभर फिरले. समद्यांचं एकच भाडं. तूबी न्हाईच म्हणलास. शेवंती बांधावर वतली. मला कोन भरून देनार?"
हसतच म्हणाल्या. चहाही दिला. मला फार लाज वाटली.

२८ सप्टें., रवि.
फॉर्मवर सही केली. बायको म्हणते, हक्काचं आहे, लाजायचं काय? खरंय. पण मावशी डोक्यातून जात नाहीत.
ठरलेलं भाडं मोडलं की अड्ड्यावर नंबर बंद, खेपेची पाळीच मिळत नाही. मागं आमच्यातल्याच किसनचा झाला होता. तेव्हा मीही त्याच्याशी बोलत नव्हतो.

२ ऑक्टो., दसरा
टेंपो धुतले, झेंडू बांधला. नाना अड्ड्यावर सगळ्यांत जुने, त्यांनी नारळ पुढं धरला. सगळ्यांचे हात पडले. माझा नाही.
"दत्ता, हात कुठंय?"
"नाना, यंदा ज्यानं त्यानं आपलं भाडं सांगावं."
सगळ्यांचे हात पडल्याशिवाय नारळ फुटत नाही, भाडं ठरत नाही. नानांनी तो माझ्या केबिनमध्ये ठेवला. "उद्यापत्तुर इचार कर. न्हाईतर तुझा नंबर दुसऱ्याला."

३ ऑक्टो., शुक्र.
नारळ इनामगावपर्यंत सीटखाली गडगडत आला. मावशींनी उचलला. कुंकू बघून ओळखला.
"फोडू का रं?"
खिशात फोन वाजत होता. नानांचा, उत्तर मागायला. आधी शेवंती भरू म्हणालो.
नारळ त्यांच्या ओट्यावरच राहिला. राहिला की मी ठेवला, माझं मलाच...