लिमबाईंच्या पुड्या

जुरोंग ईस्ट, सिंगापूर,
१२ जून २००४

ती. आईस सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं मजेत आहोत. ह्यांना नुसता खोकला आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

महिनाभर हे रोज सकाळी कडू काढा पीत आहेत. शेजारच्या लिमबाई चिनी औषधांच्या दुकानात कामाला आहेत, त्या पुड्या देतात. मला पहिल्यापासून संशय होताच. काल एक पुडी उघडली, तर आत केसाळ पानांची वाळकी वेल आणि सुकलेली लाल फळं. अगं, थेट आपल्या रानातल्या रिंगणीच्या जातीची! लहानपणी तिचं फळ तोंडात घातलं म्हणून तू मला बदडलं होतंस.

पुडी घेऊन तरातरा त्यांच्या दारात गेले. "हे ह्यासाठी देता ना?" म्हणून खोकून दाखवलं. "नो, नो लाह," म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, खोकल्याचंच आहे.

तू गावभर काढे दिलेस. उजव्या बरगडीखाली कसलं दुखणं असतं गं? उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरच्या टपालपेटीची किल्ली हल्ली हे स्वतःजवळच ठेवतात.

तुझी,
भावना